डाव्या हाताचा धोंडीवीर

मल्लय्या,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मला तुझा राग आलेला आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी कुठे तुझ्याशी दहा वर्षं भांडण मांडलं होतं? मी मांडलं होतं. आणि ते अर्ध्यावर टाकून तू उठून गेलास, चहा संपला की उठायचास तसा. एरवी निदान "बगू उद्या, मास्तर" एवढं तरी म्हणायचास. या खेपेला तेही नाही.

परवा मालक माझ्या घरी आले होते. दहा वर्षांत ते कधी माझ्या दारात आले नाहीत, आपल्यालाच छापखान्यात बोलावून घ्यायचे. आले, खाटेवर बसले, बायकोने दिलेलं पाणी प्यायले, तुझ्याबद्दल चार शब्द बोलले. चांगले बोलले, खोटं कशाला सांगू? मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत विकायच्या पुस्तकासाठी आपल्या धोंडीवीराचं नवं चित्र. मुंबईच्या कुणा चित्रकाराकडून काढून आणलंय. आता म्हणे दगडावर छापायचं नाही. फोटो घेऊन धातूचे ठसे करतात, त्यावर छापायचं. झटपट आणि सुबक.

मल्लय्या, तो धोंडीवीर गोरा आहे. पोट गेलंय, मिशी गेली आहे, केस कुरळे झालेत, पायात गुडघ्यापर्यंत बूट आलेत. खांद्यावरची तुझी चौकड्यांची चादर जाऊन रेशमी काहीतरी फडफडतंय. आणि हातमागाचा तो लाकडी दांडा त्याने उजव्या हातात धरलाय.

खाली माझ्या नावाशेजारी लिहिलं होतं, "चित्रे : मल्लय्या".

मी वर बघितलं. मालक म्हणाले, "मास्तर, पुस्तक मल्लय्याच्या नावावर खपतं. नाव त्याचंच राहू दे. बिचाऱ्याला तेवढाच मान. तुम्ही मजकूर द्या, परवा संध्याकाळपर्यंत."

आता लपवून काय करू? चित्र बघताना पहिल्या क्षणी मला बरं वाटलं होतं. ते हुबेहूब मी तुझ्याकडे मागत होतो तसं होतं. दहा वर्षं मी हेच मागितलं. गोरा कर, पोट काढ, दांडा उजव्या हातात दे. तू हयातीत एकदाही ऐकलं नाहीस, आणि तुझ्या बाराव्याच्या आत मी न भांडता जिंकलो होतो. मग ते तुझं नाव दिसलं आणि माझी मला लाज वाटली.

मालक गेल्यावर कपाटातून आपलं पहिलं पुस्तक काढलं. सोळा पानांचं, वाण्याच्या पुडीसारख्या कागदावरचं. धोंडीवीर हे नाव तुझं. मला वज्रप्रताप हवं होतं. तू म्हणालास, "वज्रप्रताप म्हंजे कोण? कुनाच्या गल्लीत ऱ्हातो? ह्यो आमच्या गल्लीतला हाय मास्तर, धोंडी. वीर तुमी फुडं लावा." मी पुढे वीर लावला. पहिल्या गोष्टीत त्याने कललेलं गिरणीचं धुराडं पाठ लावून सरळ केलं, आणि त्या नादात त्याचा मागावरचा दिवस बुडाला म्हणून घरी आईच्या शिव्या खाल्ल्या. शिव्यांची कल्पनाही तुझीच होती. बायाबापड्या पुस्तक वाचून घ्यायच्या त्या शिव्यांसाठी, हे मला पुढे कळलं.

त्या पहिल्या पुस्तकातली चूक लोकांना सांगितली तर कुणाचा विश्वास बसत नाही. दगडावर जसं काढावं त्याच्या उलटं कागदावर उठतं, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. तू कच्चं चित्र कागदावर काढायचास, ते आरशापुढे धरायचास आणि आरशात बघून दगडावर उतरवायचास. पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्या घरातला तू, तुझी उलट्यासुलट्याची नजर पक्की. पण त्या दिवशी तुझ्या थोरल्या मुलीला पाळण्यात घालायचं होतं. येणाऱ्या बायकांना कुंकू लावायला घरात धड आरसा नव्हता, म्हणून तुझ्या बायकोने, नरसव्वावहिनींनी, छापखान्यातला मागवून घेतला. आणि जत्रा तोंडावर आली म्हणून तू आरशाशिवायच बसलास. पोरीच्या आनंदात होतास. कागदावर जसं होतं तसंच दगडावर काढलंस.

गठ्ठाभर कागद छापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मजकूर वेगळ्या कागदावर लिहून दगडावर उतरवला होता, तो सुलटा आला. चित्रं सगळी उलटी. सिद्धेश्वराचं तळं देवळाच्या भलत्या बाजूला गेलं होतं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. धोंडीवीर मात्र ठार डावखुरा झाला. चित्राखाली माझं वाक्य होतं, "धोंडीवीराने उजव्या हातात दांडा घेतला", आणि वर तो डाव्या हातात घेऊन उभा.

मी तुला काय काय बोललो ते आठवून आज कान तापतात. तू मान खाली घालून ऐकलंस. "चुकलं, मास्तर," एवढंच म्हणालास.

पुढच्या वर्षी मी स्वतः बाजारातून नवा आरसा आणून तुझ्यापुढे ठेवला. तूही तो नीट पुसून घेतलास, मन लावून काम केलंस, आणि छापून आला तो डावखुराच. तू आधी कागदावरच डावखुरा काढला होतास. मी तणतणत आलो तर तू हातातला तेलकट खडूही खाली ठेवला नाहीस. म्हणालास, "पैल्यांदा चुकलं, ते खरं हाय. पन आता लोकांनी त्याला तसाच घरात घेतलाय. आता बदललं तर लबाडी हुईल की."

"अरे, डाव्या हाताने कोणी शुभ काम करतं का?"

"धुराडं सरळ केलं तवा कुनी इचारलं न्हाई कुटल्या हातानं केलं."

मीही हट्टाला पेटलो. दर वर्षी मजकुरात एकदा तरी "उजव्या हाताने" घालायचोच, गरज असो वा नसो. दर वर्षी तू वरच्या चित्रात डावा हात काढायचास. दहा वर्षं आपलं पुस्तक एका पानावर दोन तोंडांनी बोलत राहिलं. आणि तुला सांगतो, एकाही वाचकाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. चित्र आणि मास्तर यांच्यात लोक चित्राचं ऐकतात, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्याचं पोट मात्र तू आपणहून कमी केलंस. पाऊस रुसला होता त्या वर्षी म्हणालास, "सगळ्यांची पोटं आत गेलीत, ह्याचंच कसं भाईर ऱ्हाईल?" पुढल्या वर्षी पीक बरं झालं तसं त्याला पुन्हा थोडं पोट दिलंस. मूकपट आले आणि मालकांनी बुटांचा आग्रह धरला, तेव्हा तू बूट दिलेस. पुस्तकभर धोंडीवीर ते बूट हातात घेऊन अनवाणी हिंडतोय, चिखलात खराब होऊ नयेत म्हणून. मालक आठ दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. रंगाचं तर विचारूच नको. त्याच्या अंगावर तू इतक्या बारीक रेघा मारायचास की तो जांभळाएवढा काळा यायचा. मी म्हणायचो, वीर पुरुष तेजस्वी दिसावा. तू म्हणायचास, सोलापूरच्या उन्हात तेज असंच दिसतं.

मार्शल लॉ पुकारला त्या दिवसांत पांढरी टोपी घातली म्हणून माणसं मार खात होती. शिपाई आपल्या छापखान्यातही आले, पुस्तकाची पानं उलटून धोंडीवीराच्या डोक्यावर टोपी आहे का ते शोधू लागले. मी मागच्या मागे दाराकडे सरकत होतो. तू शांतपणे म्हणालास, "सायेब, त्याला केसंच इतकी हायेत, टोपी मावत न्हाई." तो शिपाईच हसला आणि निघून गेला. मी तुला भित्रा समजत होतो, मल्लय्या, कारण तू मोठ्याने कधी बोलत नसायचास. त्या दिवशी मला कळलं की आपल्या दोघांत भित्रा कोण आहे.

आता शाळेतली गोष्ट. ही तुला अर्धीच माहीत आहे.

माझ्या वर्गात शिवप्पा नावाचा मुलगा होता, तेल्याच्या घरचा. डाव्या हाताने पाटीवर लिहायचा. मी रुळाने त्याच्या बोटांवर मारायचो, सगळे मास्तर मारतात तसा. एक दिवस मार खाता खाता तो म्हणाला, "गुर्जी, धोंडीवीर बी डाव्यानंच मारतोय की." वर्ग हसला. मला वाटलं, माझ्याच पुस्तकाने माझी फजिती केली. मी त्याला आणखी दोन मारले आणि दुपारी तडक छापखान्यात येऊन तुझ्यावर ओरडलो, की हे बघ तुझ्या हट्टाचं फळ.

तू विचारलंस, "किती मारलं?"

"चार."

तू खडू खाली ठेवलास. दहा वर्षांत माझ्याशी बोलताना तू तो खाली ठेवलास ती एकच वेळ. म्हणालास, "मास्तर, तुमी पोराला मारलं का माज्या चित्राला?"

मी शाळेचा नियम सांगितला. त्यानंतर दोन महिने तू माझ्याशी कामापुरतंच बोलत होतास.

तुला माहीत नाही ते पुढचं. दुसऱ्या दिवशी शिवप्पाने पुन्हा डाव्या हातात पेन्सिल धरली. मी रूळ उचलला आणि माझा हात वर जाईना. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या वर्गात या कारणासाठी कुणाला मार बसलेला नाही. पण मी तुला हे सांगितलं नाही. मास्तर माणूस, हरलो हे कबूल करणं फार जड जातं. दोन महिने तू मला पोरांना मारणारा समजत राहिलास आणि मी तुला तसं समजू दिलं. नंतर तुझा राग ओसरला, पण ते सांगायचं राहूनच गेलं. आता सांगतोय, तर ऐकायला तू नाहीस. याचाही मला राग आहे.

आणखी एक आहे, ते तर मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मल्लय्या, मी डावखुरा जन्मलो. आमच्या घरात कानडी, वडील मला "एडगै" म्हणून हाक मारायचे, डाव्या हाताचा. जेवायला बसलो की ते माझा डावा हात सुतळीने कमरेच्या करगोट्याला बांधायचे. लिहायला बसलो की पुन्हा बांधायचे. मी दुष्ट बापाचा मुलगा नव्हे रे. माझ्या लग्नात पंक्तीत माझा डावा हात पुढे आला तर लोक काय म्हणतील, एवढीच त्यांना काळजी. मी उजवा झालो. अक्षर असं सुंदर झालं की त्यावर मास्तर झालो. आणि मोठा होऊन दुसऱ्यांच्या पोरांना रुळाने उजवं करू लागलो.

तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण एकदा आपण तळ्याच्या काठाने येत होतो, एक कुत्रं अंगावर धावून आलं, आणि मी दगड उचलून भिरकावला तो डाव्या हाताने. घाबरलं की तोच पुढे येतो. कुत्रं पळालं. तू माझ्या हाताकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली. तू म्हणालास, "चला, चहा घिऊ." त्यानंतरही आपण "डावा की उजवा" म्हणून किती वर्षं भांडलो, पण माझ्या हाताचा तो एक दाखला तू कधीही काढला नाहीस. तो काढला असतास तर मी त्याच दिवशी गप्प झालो असतो. हे तुझे उपकार मी विसरणार नाही, आणि ते फिटायचेही नाहीत.

तू आजारी पडलास तेव्हा शेवटचं भेटायला आलो, तापाने तुझे डोळे लाल झाले होते. माझ्या यंदाच्या गोष्टीची चौकशी केलीस. तळ्याचा बांध फुटतो आणि धोंडीवीर तो थोपवतो, असं मी सांगितलं. तू म्हणालास, "यंदा तरी तेवडं लिवा की, मास्तर. डाव्या हातानं म्हून. एकदाच."

एक शब्द होता. तोंडातून काढायलासुद्धा काही लागणार नव्हतं. मी म्हटलं, "आधी बरा हो, मग भांडू."

मला वाटलं, भांडण शिल्लक ठेवलं तर तू ते भांडायला उठशील. इतका मी अडाणी.

परवा मालक गेल्यावर गोष्ट लिहायला बसलो. धोंडीवीराने उजवा हात बांधाच्या भगदाडात घातलाय, पाणी थोपवून धरलंय, तो हात आता निघत नाही. मग दगड आणायचे, रचायचे, वाहत आलेली शेळी ओढून काढायची, आईने पाठवलेली भाकरी खायची, सगळं डाव्या हाताने. मी एकदाच लिहिणार होतो. मोजलं नाही, पण पानोपानी लिहून झालं. प्रत्येक वेळी तो शब्द लिहिताना माझ्या कानात वडिलांचा आवाज यायचा, तरी मी लिहीत गेलो.

आज दुपारी मजकूर घेऊन निघालो तो आधी तुझ्या घरी गेलो. नरसव्वावहिनींना ते मुंबईचं चित्र दाखवलं. खालचं नाव वाचून दाखवलं, कारण त्यांना वाचता येत नाही. त्यांनी चित्र बघितलं. मग पदर डोक्यावर ओढून उठल्या आणि म्हणाल्या, "मी येते."

मी म्हटलं, "वहिनी, अजून तेरावं व्हायचंय. लोक बोलतील."

"बोलू द्या की."

मल्लय्या, तुझी बायको सुतकात, भर दुपारी, साखर पेठेतून माझ्यामागे दहा पावलं ठेवून छापखान्यापर्यंत चालत आली. दारादारातून माणसं बघत होती. तिने मान खाली घातली नाही. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

मालकांनी मजकूर वाचला आणि हसून म्हणाले, "मास्तर, छान जमलंय. फक्त डाव्याचं उजवं करा. ठसे तयार आहेत. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

मी म्हटलं, "हो, एकाच शब्दाचा आहे. म्हणून तो बदलणार नाही."

"मग दुसऱ्याकडून लिहून घेईन."

"घ्या. छापखाना तुमचा, पुस्तक तुमचं, धोंडीवीर हे नावही तुम्ही ठेवून घ्या. पण माझं नाव काढा. आणि मल्लय्याचं काढा."

त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव काढायला लावणारे तुम्ही कोण?"

खरंच, मी कोण? तेवढ्यात दारातून तुझी बायको बोलली. आवाज मोठा नव्हता. "ते चित्र त्यांचं न्हाई. त्यांचा मानूस असा न्हाई. नाव काडा."

मालकही काही दगडाचे नाहीत. त्यांनी दौतीतला टाक उचलला, चित्राखालच्या तुझ्या नावावर एक रेघ मारली, मग माझ्या नावावर मारली, आणि कागद उलटा करून ठेवला. आम्ही दोघं आलो तसे परत निघालो. वाटेत वहिनींनी विचारलं, "आता धोंडीला काडनार कोन, मास्तर?" मी म्हटलं, माहीत नाही. मजकूर माझ्या पिशवीत आहे. उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. ज्याला चित्र काढावंसं वाटेल त्याने काढावं, ज्या हाताने येईल त्याने. साहेब शाळा तपासायला आले आणि त्यांनी विचारलं, तर त्यांनाही हेच सांगणार आहे.

तुला आठवतं? पहिल्या पुस्तकावर एकट्या माझं नाव होतं. चित्रं काढणाऱ्याचं नाव कोण छापतं, असं मालक म्हणाले होते. पुढल्या वर्षी मी मजकूर अडवून धरला, तेव्हा कुठे तुझं नाव आलं. ते छापलेलं बघून तू कागद घरी घेऊन गेलास आणि वाचता न येणाऱ्या बायकोला बोट ठेवून दाखवलंस, हे ती आज मला चालता चालता सांगत होती.

तेच नाव आज मी खोडायला लावलं. रागाव हवं तर. पण ते परत घालायला सांगू नकोस, मी ऐकणार नाही.